पंचवीस डिसेंबरला जन्मलेला अनादि कसा?

डिसेंबर उजाडला की मुलुंडमध्ये गव्हाणपाड्यापासून पाच रस्त्यापर्यंत खिडक्याखिडक्यांत कागदी चांदण्या लटकू लागतात. पश्चिमेला सेंट पायस चर्चच्या परिसरात, ख्रिस्ती घरांच्या गॅलरीत, काही सोसायट्यांच्या जिन्याखाली गोठा उभा राहतो. गवत, गाय, गाढव, मेंढपाळ, मरिया, योसेफ आणि मधोमध रिकामी गव्हाण. चोवीसच्या रात्रीच्या मिस्सापर्यंत ती रिकामीच ठेवायची रीत आहे. मग तिच्यात बाळ ठेवतात. दुसऱ्या दिवशी नेवऱ्या आणि कलकलांची ताटं शेजारीपाजारी जातात आणि दारात एक प्रश्न हमखास येतो: “आज तुमच्या देवाचा वाढदिवस ना? मग त्याच्या आधी देव नव्हता का?”

प्रश्न साधा वाटतो, पण ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पाच शतकांतली सगळ्यात मोठी वादळं याच प्रश्नावर उठली. त्यापायी बिशप हद्दपार झाले, सम्राटांनी परिषदा बोलावल्या, पंथ फुटले. चर्चची शिकवण अशी की येशू बेथलेहेमात जन्मला हे खरं आणि तो अनादि आहे हेही खरं. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल कशी म्हणता येतात, ते पायरीपायरीने पाहू.

आधी तारखेचं

येशू कोणत्या दिवशी जन्मला हे बायबल सांगत नाही. पंचवीस डिसेंबरला हा सण पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, चौथ्या शतकातली आहे. सन मोजण्याची आजची पद्धत सहाव्या शतकात डायोनिशियस नावाच्या संन्याशाने बसवली आणि त्याचा हिशेब थोडा चुकला. ज्या हेरोद राजाच्या काळात येशू जन्मला असं शुभवर्तमानं सांगतात, तो राजा इसवी सनापूर्वी 4 मध्ये मेला असं बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे जन्म त्याआधीचाच असणार. श्रद्धेला याने काही बाधा येत नाही. नाताळ हा सण एका घटनेचा आहे, पंचांगातल्या तिथीचा नाही.

एकच देव मानणारी माणसं

खरं कोडं वेगळंच आहे. येशूचे पहिले शिष्य सगळे ज्यू होते. ज्यू माणूस देवाची मूर्ती करत नाही, एका देवाखेरीज दुसऱ्या कुणापुढे गुडघे टेकत नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींनी शतकानुशतकं तेलाचा घाणा चालवताना, मराठी बोलताना, पुष्कळ रीतीभातींत शेजाऱ्यांशी समरस होतानाही ही गोष्ट सोडली नव्हती. अशा समाजातली माणसं क्रुसावर मारल्या गेलेल्या एका सुताराला ‘प्रभू’ म्हणू लागली, त्याच्या नावाने प्रार्थना करू लागली.

पुष्कळांचा समज असा की येशू आधी साधा उपदेशक होता, मग दोनतीनशे वर्षांत भक्तांनी त्याला वाढवत वाढवत देवपदाला नेलं. कागदपत्रं तसं दाखवत नाहीत. प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं पत्र क्रुसानंतर साधारण तीस वर्षांच्या आतलं आहे. त्यात पौल म्हणतो की ख्रिस्त देवाच्या रूपात होता, त्याने स्वतःला रितं केलं आणि दासाचं रूप घेतलं. त्या ओळींना स्तोत्राची लय आहे, त्यामुळे अनेक अभ्यासक त्या पौलाच्याही आधीच्या, मंडळीत गायल्या जाणाऱ्या मानतात. बाहेरच्यांची साक्षही आहे. रोमन अधिकारी प्लिनी याने इसवी सन 112 च्या सुमारास सम्राट ट्राजनला कळवलं की हे लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याचं स्तोत्र म्हणतात. प्लिनीला त्यांचं कौतुक नव्हतं. तो त्यांची चौकशी करत होता.

भक्ती आधी आली. तिची उपपत्ती लावायला पुढे तीन शतकं लागली, कारण अडचण उघड होती. देव एकच असेल तर येशू कोण? दुसरा देव म्हणावं तर एकेश्वरवाद बुडाला. नुसता माणूस म्हणावं तर त्याची भक्ती हीच मूर्तिपूजा झाली.

एरियसची गाणी

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचा धर्मगुरू होता. त्याने या अडचणीवर नेटकं उत्तर काढलं. पिता अनादि. पुत्र त्याची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती. जग त्याच्याकरवी झालं, म्हणून तो जगाहून जुना. तरीही तो निर्माण झालेला, म्हणजे तो नव्हता अशी एक अवस्था होऊन गेली.

एरियस तर्कात तयार होता आणि लोकांपर्यंत कसं पोचायचं हेही त्याला ठाऊक होतं. आपलं म्हणणं त्याने गाण्यांत बांधलं. खलाशांची गाणी, जात्यावर दळणाऱ्यांची गाणी, वाटसरूंची गाणी. ती बंदरातून गावोगाव गेली. हा वाद पंडितांपुरता राहिला नाही. शतकाच्या अखेरीस निस्साचा बिशप ग्रेगरी काहीसा वैतागून लिहितो की कॉन्स्टँटिनोपलमध्ये पाव घ्यायला जा, पाववाला पिता पुत्राहून थोर कसा ते समजावतो; मोड मागा, सराफ जन्मलेला आणि अजन्मा यांवर बोलू लागतो; अंघोळीची तयारी झाली का विचारा, तर हमामातला नोकर सांगतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला. बाजारात इतक्या पोटतिडकीने बोललं गेलेलं तत्त्वज्ञान जगाच्या इतिहासात विरळाच.

एरियसच्या बाजूने बायबलमधली वचनंही होती, हे मान्य केलं पाहिजे. पिता माझ्याहून थोर आहे असं येशू स्वतः म्हणतो. शेवटचा दिवस केव्हा येईल हे पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्ककृत शुभवर्तमानात त्याच्याच तोंडी आहे. दुसऱ्या बाजूला योहानकृत शुभवर्तमान होतं. ते गोठ्यापासून सुरू होतच नाही, सृष्टीच्या आरंभापासून सुरू होतं आणि आरंभीच जो देवाजवळ होता, जो स्वतः देव होता, तोच पुढे देहधारी झाला असं सांगतं. याच शुभवर्तमानात येशू म्हणतो की अब्राहामाच्या आधीपासून मी आहे. ऐकणारे दगड उचलतात. त्यांना तो दावा नीट कळला होता.

सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 साली निकाया गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद बोलावली. सुमारे तीनशे बिशप आले. त्यांतल्या काहींच्या अंगावर आधीच्या छळाच्या खुणा होत्या. परिषदेने निर्णय दिला की पुत्र निर्माण केलेला नाही. तो पित्यापासून जन्मलेला आहे, आणि जे तत्त्व पित्याचं तेच पुत्राचं. एरियस आणि त्याला न सोडणारे दोन बिशप हद्दपार झाले. या परिषदेला 2025 मध्ये 1700 वर्षं झाली. तिथे सुरू झालेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, मुलुंडच्या चर्चमध्ये आजही रविवारी म्हटला जातो.

जन्मलेला, तरी आरंभ नसलेला

इथे वाचक अडखळतो. जन्मलेला म्हटलं की आधी बाप, मग मुलगा, हे ओघाने आलंच. मग दोघे बरोबरीने अनादि कसे?

संध्याकाळी देवघरात समई लावा. ज्योत लागली, आणि उजेड मागाहून आला, असं होतं का? ज्योत आहे आणि उजेड अजून यायचा आहे असा एक क्षणही नसतो. तरी उजेड ज्योतीपासून निघतो, ज्योत उजेडापासून निघत नाही. कोण कोणापासून आलं याचा क्रम आहे, पण आधीनंतरचा क्रम नाही. आता ही समई कुणी लावलेलीच नाही, ती सदाच तेवत आहे, असं समजा. मग तिचा उजेडही सदाचाच. चौथ्या शतकातले लेखक हाच दाखला सूर्य आणि त्याच्या तेजावरून देत. पुत्र पित्यापासून आहे, पण पित्याच्या मागाहून नाही, इतकं त्यातून कळतं. दाखला इथेच सोडावा, कारण उजेड कुणाशी बोलत नाही, कुणावर प्रेम करत नाही. ख्रिस्ती श्रद्धेतले पिता आणि पुत्र एकमेकांशी बोलतात.

‘निर्माण केलेला नाही, जन्मलेला’ या भेदातलं मर्मही इथेच आहे. आपण जे घडवतो ते आपल्याहून वेगळ्या जातीचं असतं. अपत्य आपल्याच जातीचं असतं. पुत्र जन्मलेला आहे असं म्हणताना परिषदेला जन्माची वेळ सांगायची नव्हती, जात सांगायची होती. जे पित्याचं स्वरूप तेच याचं.

अनादि म्हणजे फार जुना, असंही समजू नये. कितीही जुन्या वस्तूला वय असतं. संत ऑगस्टिनने चारशेच्या सुमारास लिहिलं की काळ हीच सृष्टीबरोबर निर्माण झालेली गोष्ट आहे; सृष्टीआधी देव काय करत होता, या प्रश्नातला ‘आधी’ तिथे लागूच पडत नाही. ख्रिस्ताला अनादि म्हणणं म्हणजे त्याला काळाच्या रांगेत सर्वांत पुढे उभं करणं नव्हे. तो त्या रांगेतलाच नाही.

चौकट: चार परिषदा

*निकाया, 325.* पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे.
*कॉन्स्टँटिनोपल, 381.* निकायाच्या निर्णयाला पुन्हा मान्यता; पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने.
*एफिसस, 431.* मरियेपोटी जन्मला तो देवच, म्हणून मरिया देवाची आई.
*काल्सेदोन, 451.* ख्रिस्त एकच. तो पूर्ण देव आणि पूर्ण मानव.

एवढा हट्ट कशासाठी?

निकायानंतर वाद मिटला नाही, उलट चिघळला. नंतरचे काही सम्राट एरियसच्या बाजूला झुकले. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. एका व्याख्येसाठी माणूस एवढं का सोसतो?

अथनेशियसचं म्हणणं असं होतं. माणूस देवापासून तुटला आहे आणि मरणाच्या वाटेला लागला आहे. ही तूट कुणी भरायची? देवदूत असो, महात्मा असो, पहिली निर्मिती असो, तो शेवटी निर्माण झालेलाच. त्याचं अस्तित्वच देवाकडून उसनं आलेलं. जो स्वतः उसन्यावर जगतो तो दुसऱ्याला देवाचं जीवन कुठून देणार? येशूमध्ये माणसाला देव भेटला असं म्हणायचं असेल तर भेटलेला देवच असला पाहिजे, देवाने पाठवलेला कुणी बडा कारभारी नव्हे.

माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा हाच आहे. एरियसचा देव इतका उंच आहे की तो स्वतः कधी खाली येत नाही, दुसऱ्याला पाठवतो. निकायाचा देव स्वतः गव्हाणीत उतरतो. येशूच्या देवत्वाकडे आपण बहुधा सन्मान म्हणून पाहतो, एका थोर माणसाला दिलेली सर्वांत मोठी पदवी म्हणून. ख्रिस्ती श्रद्धेत प्रवास वरून खाली आहे.

मग भूक कुणाला लागली?

येशू देव असेल तर तो थकून नावेत झोपला कसा? मित्राच्या कबरीपाशी रडला कसा? काहींनी सोपं उत्तर दिलं की तो देह नुसता दिसत होता, खरा नव्हता. चर्चने ते साफ नाकारलं, आणि तेही उद्धाराच्याच मुद्द्यावर. नाझियांझसच्या ग्रेगरीचा युक्तिवाद असा की माणसाचं जे जे ख्रिस्ताने स्वतःवर घेतलं तेच बरं झालं. त्याने मन घेतलं नसेल तर आपलं मन आजारीच राहिलं. म्हणून देह खरा, भूक खरी, भीती खरी, मरणही खरं.

काल्सेदोनच्या परिषदेने दोन्ही टोकं एकत्र बांधली. व्यक्ती एक, स्वभाव दोन. त्यांची मिसळ होत नाही आणि ताटातूटही होत नाही. दूध आणि पाणी मिसळावं तसा अर्धा देव, अर्धा माणूस अशी ही कल्पना नाही. तो पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूस आहे. झोपला तोच, आणि उठून वादळाला शांत केलं तेही त्यानेच. एरियसने पुढे केलेल्या वचनांचाही उलगडा चर्च इथूनच करतं. थोरपणाचं आणि न जाणण्याचं बोलणं देहधारी पुत्राचं आहे, ज्याने खरोखर माणसाची मर्यादा पत्करली त्याचं.

हे सर्वांना पटलं असं नाही. मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात राहणाऱ्या मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबांची परंपरा काल्सेदोनचे ‘दोन स्वभाव’ हे शब्द स्वीकारत नाही. देहधारी पुत्राचा एकच संयुक्त स्वभाव, असं ती म्हणते. पण तो पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहे यावर तिचं दुमत नाही, आणि 1990 साली कॅथलिक व मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चने तसं संयुक्त निवेदनही काढलं. यहोवाचे साक्षीदार मात्र आजही एरियसच्या जवळ उभे आहेत. इस्लाम ईसाला कुमारी मरियमपोटी जन्मलेला थोर पैगंबर मानतो, देव मानत नाही.

अवतार म्हणावं का?

मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा शब्द अवतार. निर्गुण ते सगुण झालं हे आपल्या कानांना परकं नाही, आणि मराठी ख्रिस्ती लेखकांनी या ओळखीचा मोकळेपणाने फायदा घेतला. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आला आणि 1616 साली राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि सुमारे अकरा हजार ओव्या. आरंभी नमन, जसं आपल्या ग्रंथांत असतं तसंच, फक्त ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा त्रैक्यरूप देवाला. येशूची कथा दुसऱ्या भागात येते. पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंगांतून ख्रिस्ताला आई म्हणून, गुरू म्हणून हाक मारली. त्या अभंगांत निकायाची परिभाषा क्वचितच सापडेल. भक्ती मात्र देवाची आहे, साधूची नाही.

तरी फरक लक्षात ठेवायला हवा. अवतार अनेक होतात, युगायुगांत होतात, कार्य झाल्यावर संपतात. ख्रिस्ती देहधारणा एकदाच झाली आणि घेतलेलं मनुष्यपण त्याने परत टाकून दिलं नाही. पुनरुत्थानानंतरही तो मानवच आहे. शिवाय मतांगीकारात एका रोमन सुभेदाराचं नाव येतं, पंतय पिलात. त्याने यहूदियावर इसवी सन 26 ते 36 कारभार केला. त्याचं नाव कोरलेला शिलालेख 1961 मध्ये कैसरियाच्या उत्खननात सापडला. अनादि पुत्राबद्दलच्या कबुलीत एका सरकारी अधिकाऱ्याचं नाव असावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. ही गोष्ट पृथ्वीवर, ठरावीक अमदानीत घडली असं त्या एका नावातून ठासून सांगितलं जातं.

रमाबाईंची हरकत

हा वाद मराठी मनाने कसा झेलला याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा पंडिता रमाबाईंच्या पत्रांत आहे. पुण्यात त्यांना ख्रिस्ती विचारांकडे वळवणाऱ्यांत नीळकंठशास्त्री गोऱ्हे होते. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित 1848 मध्ये नेहेम्या गोऱ्हे झाले आणि त्यांनी 1887 मध्ये ख्रिस्ताच्या देवत्वाच्या प्रमाणांवर एका मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपात स्वतंत्र पुस्तक लिहिलं. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबरला वाँटेजला मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दोनच वर्षांत, 1885 मध्ये, त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालत होत्या, आणि वादाचा विषय नेमका हाच होता. त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व त्यांना पटत नव्हतं. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे तर मुळीच मान्य नव्हतं. आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घेणार नाही, असं सत्तावीस वर्षांच्या या बाईंनी ज्यांच्या आश्रयाने त्या परदेशात राहत होत्या त्यांनाच बजावलं. सिस्टर जेराल्डिन दुखावल्या. बीलबाई एकेक शंका घेऊन उत्तर देत राहिल्या.

मला रमाबाईंचा विरोध त्यांच्या नंतरच्या श्रद्धेइतकाच मोलाचा वाटतो. एरियसला जे प्रश्न पडले तेच त्यांना पडले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. पुढे 1889 मध्ये शारदा सदन, नंतर केडगावचं मुक्ती सदन, आणि 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात ख्रिस्त हाच आयुष्याचा आधार, असा त्यांचा प्रवास झाला. तिथे पोचायला त्यांनी उधारीचं उत्तर घेतलं नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, ते प्रसिद्ध झालं.

त्यांचीच रीत इतरांनीही धरावी. कुठलंही मराठी बायबल घ्या. योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली पहिली अठरा वचनं वाचा आणि लगेच मार्कच्या तेराव्या अध्यायातलं बत्तिसावं वचन वाचा. पहिल्यात सृष्टीआधीचा पुत्र आहे, दुसऱ्यात शेवटचा दिवस ठाऊक नसलेला. यांतलं एक वचन बाजूला सारून मिळणारं उत्तर सोपं असेल, पण ते घेऊ नका. दोन्ही समोर ठेवूनच काय ते ठरवा.